पऱ्हाटीच्या कोळशाने प्लेटिंगचं पाणी साफ होतं का?

बदनापूरकडच्या एका तरुणाने विचारलंय: "भावाचं जालन्यात छोटं प्लेटिंगचं (वस्तूंवर धातूचा मुलामा चढवण्याचं) युनिट आहे. झिंक जास्त, थोडं निकेल-क्रोम. रोज पाच हजार लिटरच्या आसपास पाणी निघतं. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या) केमिकलचा खर्च जड जातो. आमच्या भागात पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) लोक फुकट नेऊ देतात. पऱ्हाटीच्या कोळशाने ९९ टक्के क्रोमियम निघतं असं वाचलं. ड्रममध्ये कोळसा भरून त्यातून पाणी सोडलं आणि केमिकल बंद केलं तर चालेल का? वापरलेला कोळसा बायोचार म्हणून शेतात टाकता येईल ना?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते परिस्थितीवर अवलंबून नाही. वापरलेला कोळसा शेतात टाकायचा नाही. बांधावर नाही, उकिरड्यावर नाही, चुलीत नाही आणि वीटभट्टीला तर अजिबात नाही. कारणं पुढे सांगतो.

बाकी प्रश्नांना सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. वाळूज-चिकलठाणा पट्ट्यात प्लेटिंगवाल्यांचे ईटीपी बसवणं आणि बिघडले की ताळ्यावर आणणं हे माझं रोजचं काम आहे, आणि कोळशाचा हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. पऱ्हाटीचा कोळसा धातू पकडतो, यात वाद नाही. पण प्रश्न "पकडतो का" हा नाहीच. किलोभर कोळसा किती ग्रॅम धातू पकडतो, तुमच्या पाण्यात रोज किती ग्रॅम धातू आहे, आणि धातू खाऊन बसलेला कोळसा नंतर कुठे जाणार, या तीन गोष्टींचा हिशोब जुळला तर काम होतं.

आधी त्या ९९ टक्क्यांकडे बघू. समजा तुमच्या क्रोमच्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप, पुढे नुसतं 'हेक्स') आहे. ९९ टक्के काढलं तरी अर्धा मिलिग्रॅम उरतो. बाहेर सोडायच्या पाण्यात हेक्सची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ९९ टक्के मार्क मिळवूनही तुम्ही पाचपट वर, नापासच. एकूण क्रोमियमला २, निकेलला ३, झिंकला ५ मिलिग्रॅम अशा मर्यादा असतात. तुमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत) याहून कडक आकडे असतील तर ते धरायचे. त्यामुळे टक्केवारी विसरा आणि आऊटलेटला मिलिग्रॅम किती उरले एवढंच बघा.

शिवाय टक्केवारी हवी तशी वाढवता येते. कोळसा जास्त टाकला की झालं. लिटरला दहा ग्रॅम टाकून ९९ टक्के आले असतील तर तुमच्या पाच हजार लिटरला तोच डोस रोज पन्नास किलो होतो. प्रयोगशाळेतलं पाणीही बहुतेक वेळा डिस्टिल्ड पाण्यात एकच क्षार विरघळवून केलेलं असतं. तुमच्या रिन्सच्या (वस्तू धुण्याच्या) टाकीत बोअरचं जड पाणी, साबणाचे अंश, ब्राइटनर (चकाकीचं रसायन), ॲसिड आणि तीन धातू एकत्र असतात. मराठवाड्याच्या काळ्या दगडातल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. कोळशाच्या पृष्ठभागावर निकेलला बसायच्या ज्या जागा असतात, त्यांवर कॅल्शियमही हक्क सांगतं. एकेका आयनाची पकड निकेलपेक्षा ढिली असली तरी त्यांची संख्या कितीतरी जास्त असते. उन्हाळ्यात टँकरचं पाणी सुरू झालं की हे गणित पुन्हा बदलतं.

आता क्रोमियमचं वागणं समजून घ्या, कारण इथेच बहुतेक जण फसतात.

हेक्स क्रोमियम पाण्यात ऋण भाराच्या रूपात असतं. कोळशाचा पृष्ठभाग ॲसिडी पाण्यात धन भाराचा होतो, म्हणून पीएच २ ते ३ ला हेक्स चांगलं पकडलं जातं. पीएच ७ च्या वर गेलं की तीच पकड पार ढिली होते. पण ॲसिडी पाण्यात आणखी एक गोष्ट घडते. कोळसा हेक्सचं ट्रायव्हॅलंटमध्ये (क्रोमियमचं कमी घातक रूप, पुढे 'ट्राय') रूपांतर करतो. ईटीपीत टाकायचं मेटाबायसल्फाईट जे करतं तेच, फक्त हळू. आणि ट्राय क्रोमियम पीएच २ ला कोळशावर टिकत नाही. ते बरंचसं पाण्यातच परत उतरतं.

हे टेबलावर स्वतः बघता येतं, आणि बघाच. क्रोमच्या रिन्सचं पिवळं पाणी लिटरभर घ्या. त्याआधी ते पाणी सायनाईडच्या लाईनचं नाही याची खात्री करा. झिंक सायनाईड बाथचं (मुलामा द्यायच्या द्रावणाचं) पाणी त्यात मिसळलेलं असेल आणि तुम्ही ॲसिड टाकलंत, तर हायड्रोजन सायनाईड वायू निघतो आणि माणूस जागेवर जातो. सायनाईडची आणि क्रोमची लाईन वेगळी नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते काम करा. पाणी खात्रीचं असेल तर सल्फ्युरिकने पीएच २ वर आणा, दहा ग्रॅम कोळसा टाका आणि चार-सहा तास हलवत ठेवा. गाळून घेतलं की पिवळा रंग गेलेला दिसेल. डायफिनाईलकार्बाझाईडचे थेंब टाका. हेक्स असेल तर गुलाबी-जांभळा रंग येतो, तो आला नाही किंवा अगदी फिका आला. इथे मंडळी खूश होऊन फोटो काढतात. त्याच गाळलेल्या पाण्यात आता थेंब थेंब कॉस्टिक सोडा टाकत पीएच साडेआठपर्यंत न्या आणि दहा मिनिटं थांबा. ग्लासात हिरवट-करडे पुंजके तरंगायला लागतील आणि तळाशी बसतील. ते ट्राय क्रोमियम. म्हणजे क्रोमियम गेलेलं नव्हतंच, नुसता रंग गेला होता. "हेक्स शून्य" हा रिपोर्ट खरा असतो, पण "एकूण क्रोमियम" तपासलं तर आकडा तिथेच असतो. लॅबला पाणी देताना दोन्ही चाचण्या लिहून द्यायच्या त्या यासाठी.

निकेल, झिंक, तांबं यांचं उलट आहे. हे धन भाराचे. ॲसिडी पाण्यात हायड्रोजन आयन यांना कोळशावर बसूच देत नाहीत. पीएच ५ ते ६ ला ते बरे बसतात. म्हणजे एकाच ड्रममधून एकाच पीएचला हेक्स आणि निकेल दोन्ही काढायचं म्हटलं तर दोघांपैकी एक नाराज राहणारच.

यात एक फसवी गंमत आहे. पऱ्हाटीच्या कोळशात राख असते आणि राखेत पोटॅश. न धुतलेला कोळसा नुसत्या पाण्यात टाकून हलवला की पीएच ९ च्या पुढेही जाताना दिसतो. असा कोळसा निकेलच्या पाण्यात टाकला की निकेल हायड्रॉक्साईड होऊन साक्याच्या रूपात बसतं, आणि वाटतं कोळशाने पकडलं. खरं तर ते काम राखेने केलं. तेच काम चुना करतो, आणि चुना स्वस्त आहे. म्हणून कोणतीही बाटली-चाचणी करताना शेजारी एक कोरी बाटली ठेवायची: तेच पाणी, तोच पीएच कॉस्टिकने आणलेला, पण कोळसा नाही. दोन्हींत निकेल सारखंच कमी झालं तर कोळशाचं योगदान शून्य समजायचं. ही कोरी बाटली न ठेवता दाखवलेल्या रिझल्टवर मी पैसे लावत नाही.

आता तुमच्या आकड्यांवर येऊ. समजा तुमच्या पाच हजार लिटरमध्ये लिटरला सरासरी ४० मिलिग्रॅम हेक्स आहे. म्हणजे रोज २०० ग्रॅम क्रोमियम. घरी केलेला, धुतलेला कोळसा खऱ्या पाण्यात ग्रॅमला १० मिलिग्रॅम पकडतो असं मी उदार होऊन धरतो. काही कोळसे याहून बरे असतात, बरेचसे वाईट. तर रोज २० किलो कोळसा लागला. महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस धरले तर पाचशे किलो. ओला होऊन बाहेर पडतो तेव्हा त्याचं वजन टनभर होतं, आणि तो टनभर माल घातक कचरा असतो.

दुसऱ्या बाजूला, २०० ग्रॅम हेक्सला ट्राय करायला मेटाबायसल्फाईट कागदावर साधारण ५५० ग्रॅम लागतं. प्रत्यक्षात काही हवेत वाया जातं, काही इतर गोष्टी खातात, तरी किलोभरात भागतं. नंतर चुना किंवा कॉस्टिकने बसवलेलं क्रोमियम हायड्रॉक्साईड कोरडं धरलं तर चारशे ग्रॅम. फिल्टर प्रेसच्या केकमध्ये (दाबून पाणी काढलेल्या गाळाच्या वडीत) पाणी राहतं, चुन्याचा गाळ येतो, म्हणून रोज दोन-तीन किलो म्हणा. महिन्याला पन्नास-पाऊणशे किलो केक विरुद्ध टनभर ओला कोळसा. दोन्हींची विल्हेवाट किलोवर पैसे मोजून लावावी लागते. त्यामुळे "केमिकल महाग, कोळसा फुकट" हे गणित विल्हेवाटीच्या बिलाशी येऊन उलटं होतं.

पऱ्हाट्याही तितक्या फुकट नाहीत. एकरी साधारण टनभर पऱ्हाटी निघते. चांगल्या जळणीत वाळक्या लाकडाच्या पाव वजनाइतका कोळसा मिळतो. चाळून भुकटी बाजूला केली की शंभर किलोला पंधरा किलो हाती आला तरी बरं. महिन्याला पाचशे किलो म्हणजे सव्वातीन टन पऱ्हाटी, वर्षाला चाळीस एकरांची. उपटायची, गोळा करायची, तोडायची मजुरी धरली का? भाव विचारून बघा गावात.

म्हणून केमिकल बंद करून कोळसा, हा सौदा मी तुम्हाला करू देणार नाही. पण कोळशाला एक जागा आहे, आणि तिथे तो खरोखर उपयोगी पडतो.

ती जागा म्हणजे शेवट. क्रोमची लाईन वेगळी काढून पीएच अडीचला मेटाबायसल्फाईट, मग सगळं एकत्र करून पीएच वाढवणं, पॉली (पुंजके जमवणारं पॉलिमर), सेटलिंग (गाळ खाली बसवणं), वाळूचा फिल्टर हे सगळं नीट चालू असतानाही थोडा धातू निसटतोच. त्याचं एक कारण असं की प्रत्येक धातूचा बसायचा पीएच वेगळा असतो. क्रोमियम ८ ते ८.५ ला उत्तम बसतं आणि फार वर नेलं तर परत विरघळायला लागतं. झिंकला ९ च्या पुढे आवडतं, निकेलला १० च्या आसपास. एकाच टाकीत तिघांना खूश करता येत नाही, म्हणून आपण ९ च्या आसपास तडजोड करतो आणि थोडं निकेल हातचं जातं. मंडळाची माणसं सॅम्पल घेऊन जातात आणि निकेल ३ च्या ऐवजी साडेचार येतं, ते या निसटलेल्या भागामुळे. हा निसटलेला भाग कोळशाच्या हवाली करायचा.

आता हिशोब करू. पाच हजार लिटरमधून लिटरला २ मिलिग्रॅम काढायचे, म्हणजे रोज १० ग्रॅम. इतक्या विरळ पाण्यात कोळशाची पकडही कमी होते, म्हणून ग्रॅमला ३ मिलिग्रॅम धरू. रोज सव्वातीन-साडेतीन किलो, महिन्याला पंच्याऐंशी किलो. वर्षभरासाठी सात-आठ एकरांच्या पऱ्हाट्या. हे तुमच्या आवाक्यातलं आहे, आणि भावाच्या युनिटलाही पेलणारं.

मांडणी अशी करा. दोनशे लिटरचे दोन प्लास्टिकचे ड्रम, एकामागे एक. तळाशी खडी, वर जाड वाळू, वर जाळी आणि त्यावर कोळसा. आठ तासांत पाच हजार लिटर म्हणजे ताशी सव्वासहाशे. दोनशे लिटरच्या थरातून पाणी जायला साधारण वीस मिनिटं लागतात, आणि धातूंना तेवढा सहवास हवाच. पऱ्हाटीचा कोळसा हलका, त्यामुळे एका ड्रममध्ये पन्नास किलोच्या आसपास मावतो. वरच्या हिशोबाने एक ड्रम पंधरा दिवस जाईल. दोन ड्रम का? पहिल्याच्या आऊटलेटला धातू दिसायला लागला तरी दुसरा सांभाळून घेतो. मग पहिला रिकामा करायचा, दुसरा पुढे घ्यायचा आणि ताजा मागे लावायचा. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये सॅम्पलचा नळ न विसरता बसवा. सगळी देखरेख त्या नळावर चालते. तिथलं पाणी रोज टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन निकेलसाठी अमोनियाने थोडं अल्कली करून डायमिथाईलग्लायॉक्झिमचे थेंब टाका, लालसर-गुलाबी साका दिसला की ड्रम भरत आलाय. महिन्यातून एकदा लॅबचा आकडा घ्यायचाच. रोजच्यासाठी ही थेंबांची चाचणी पुरते.

ड्रममध्ये जाणारं पाणी आधी नितळ हवं. सेटलिंगमधून वाहून आलेले पुंजके कोळशावर गेले तर दोन दिवसांत वरचा थर चिखल होऊन बसतो आणि पाणी कडेने वाट काढतं. पीएचही नऊवरून साडेसहा-सातवर आणून मगच आत सोडा. आणि पीएच खाली आणायच्या आधी गाळून घ्या, नंतर नाही. नाहीतर तरंगणारं हायड्रॉक्साईड परत विरघळून तेच निकेल कोळशाच्या गळ्यात पडेल.

कोळसा कसा करायचा, याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माल चांगला झाला तर वरचे आकडे निघतील, नाहीतर निम्मेही नाही.

पऱ्हाटी जानेवारी-फेब्रुवारीत उपटली की लगेच वाळवून तोडा. नाहीतरी गुलाबी बोंडअळीसाठी ती शेतात उभी ठेवू नका असं कृषी खातं सांगतंच, त्यामुळे शेतकरीही खूश. बोटाएवढी जाड खोडं घ्या. बारीक फांद्या, वाळकी बोंडं, पानं यांत राख जास्त आणि कोळसा भुसभुशीत. तुरीच्या तुराट्याही चालतात. सोयाबीनचं भुसकट नको, त्याची नुसती भुकटी होते. वेडी बाभूळ मिळत असेल तर ती पऱ्हाटीपेक्षा कधीही सरस, कोळसा कडक होतो आणि ड्रममध्ये दबून बसत नाही. पण तुम्ही पऱ्हाटी विचारली आहे.

बाहेरची हवा आत जाणार नाही पण आतला धूर बाहेर पडायला लहान भोक असेल अशा ड्रममध्ये, बाहेरून आच देऊन, साधारण ४५० ते ५०० अंशाला तास-दीड तास. धूर पांढऱ्याचा पातळ निळसर होऊन थांबत आला की आच काढा आणि ड्रम पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवा लागताच आतला माल पेट घेईल. अर्धवट भाजलेला कोळसा ओळखणं सोपं आहे: ग्लासभर पाण्यात रात्रभर ठेवा, पाणी चहासारखं तपकिरी झालं तर डांबर शिल्लक आहे. तो ड्रममध्ये भरलात तर धातू उतरेल पण सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) २५० च्या वर जाईल, आणि मंडळाला तेही चालत नाही.

बाजारात कोळसा विकणारे आयोडीन नंबर सांगतात. हजारावर आयोडीन नंबर म्हणजे बारीक छिद्रं भरपूर, आणि रंग, वास, सेंद्रिय पदार्थ यांसाठी तो आकडा कामाचा आहे. धातूंना छिद्रांपेक्षा पृष्ठभागावरचे ऑक्सिजनवाले गट लागतात, आणि फार उच्च तापमानाला ते गट जळून जातात. त्यामुळे ९०० अंशाला वाफेने तयार केलेला महागडा कोळसा निकेलसाठी तुमच्या ५०० अंशाच्या कोळशाहून फार सरस ठरेलच असं नाही. उलट फॉस्फोरिक ॲसिडमध्ये भिजवून ४५०-५०० ला भाजलेला कोळसा धातूंसाठी चांगला होतो, कारण हे गट टिकतात आणि वाढतात. पण फॉस्फोरिकचा खर्च, गरम ॲसिडच्या वाफा आणि धुतल्यावर निघणारं फॉस्फेटचं पाणी हे सगळं गावातल्या शेडमध्ये करायला मी सांगणार नाही. साधा कोळसा, नीट धुतलेला, शेवटच्या पायरीला पुरतो.

धुणं म्हणजे सौम्य हायड्रोक्लोरिकमध्ये काही तास बुडवून पोटॅश आणि राख काढायची, मग साध्या पाण्याने पीएच ६-७ येईपर्यंत खळाळून घ्यायचं. हे धुण्याचं पाणीही ईटीपीतच. मग वाळवून चाळणी: अर्धा ते दोन मिलिमीटरचे दाणे ठेवा. भुकटी धातू लवकर पकडते हे खरं, पण ड्रममध्ये ती पाण्याचा रस्ताच बंद करते. उरलेली न वापरलेली भुकटी मात्र कोरी असते. ती खुशाल शेतात टाका, तुम्हाला हवं ते बायोचार हेच.

काही गोष्टी तुमच्या युनिटवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. पॅसिव्हेशन (झिंकवर द्यायचा क्रोमियमचा संरक्षक थर) जुनं पिवळं हेक्सचं आहे की ट्रायचं? वाहनांच्या पार्ट्सचं काम असेल तर बहुधा ट्राय असेल, कारण युरोपने जुलै २००७ पासून गाड्यांच्या गंजरोधक थरांत हेक्स बंद केलं आणि तिकडे माल पाठवणाऱ्यांनी ते खालच्या व्हेंडरपर्यंत पोचवलं. ट्राय असेल तर हेक्सचा प्रश्न हलका होतो. पण त्या बाथमध्ये धातूला धरून ठेवणारे सेंद्रिय पदार्थ असतात, ते क्रोमियमला चुन्याने सहज बसू देत नाहीत. झिंक-निकेल अलॉय चालू असेल तर त्यातल्या अमाईन्समुळे (निकेलला धरून ठेवणाऱ्या सेंद्रिय पदार्थांमुळे) निकेल पीएच १० लाही पाण्यातच हसत बसतं. अशा पाण्याला ना चुना पुरतो ना साधा कोळसा. तिथे वेगळा उपाय लागतो, आणि तो बाथ पुरवणाऱ्याकडूनच मागावा. तुमच्याकडे साधं निकेल असेल तर काळजी नाही.

आता वापरलेला कोळसा. त्यात धातू आहे, म्हणून घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत तो येतो. ईटीपीच्या केकसोबत वेगळ्या बंद ड्रममध्ये, लेबल लावून, शेडखाली ठेवायचा आणि मॅनिफेस्ट (कचरा वाहतुकीचा नोंदकागद) करून रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या अधिकृत ठिकाणी पाठवायचा. तुमच्या युनिटचा केक आज जिथे जातो तिथेच हाही जाईल, फक्त त्या ठिकाणच्या मेंबरशिपमध्ये आणि कन्सेंटमध्ये त्याचं नाव आणि प्रमाण टाकून घ्यावं लागेल.

शेतात का नाही? कोळशाने धातू धरलाय तो कायमचा नाही. पीएच आणि आजूबाजूचे क्षार बदलले की सुटतो. आपली काळी माती चुनखडीची, पीएच आठच्या आसपास. धन भाराचे धातू अशा मातीत बऱ्यापैकी अडकून राहतात, पण हेक्स त्याच पीएचला कोळशावरून सुटून पाण्याबरोबर खाली उतरतं. ट्राय झालेलं क्रोमियम निरुपद्रवी म्हणून सोडून द्यावं, तर मातीतल्या मँगनीजच्या ऑक्साईडमुळे त्यातलं थोडं परत हेक्स होऊ शकतं. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. वापरलेल्या एका किलो कोळशात १० ग्रॅम क्रोमियम धरलं, तर ते दोन लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. विहीर कुणाची, याने काही फरक पडत नाही.

जाळायचं का नाही? राखेतल्या अल्कलीसोबत, खुल्या हवेत, भट्टीच्या तापमानाला ट्राय क्रोमियमचं पुन्हा हेक्स होतं. मेटाबायसल्फाईट टाकून जे काम आपण केलं ते भट्टी उलटं करून देते, आणि ते राखेत आणि धुरात जातं.

कोळसा धुऊन परत वापरता येतो का, हे तुम्ही पुढे विचारणारच. निकेल-झिंकच्या बाबतीत होय, सौम्य ॲसिडने बराचसा धातू उतरतो. ते घट्ट पाणी परत ईटीपीच्या सुरुवातीला घालायचं, आणि कोळसा तीन-चार वेळा वापरता येतो. दर वेळी पकड थोडी कमी होते आणि पऱ्हाटीचा माल मऊ असल्याने झिजतोही. क्रोमियमचं तसं नाही. कॉस्टिकने हेक्स सुटतं, पण ट्राय होऊन चिकटलेलं तसंच राहतं. म्हणून मी क्रोम आधी मेटाबायसल्फाईटनेच संपवतो आणि कोळशापुढे फक्त निकेल-झिंक येऊ देतो.

जाता जाता, या पट्ट्यातले काहीजण हाच कोळसा गावाच्या पाण्यातल्या फ्लोराईड-नायट्रेटसाठी विचारतात. साधा वनस्पतीचा कोळसा त्या दोघांना जवळजवळ हात लावत नाही. त्यासाठी तो वापरू नये.

आता तुम्ही काय करायचं. कोळशाच्या आधी भावाला सांगून बॅरल आणि जिग (वस्तू बाथमध्ये बुडवायचे पिंप आणि टांगण्या) बाथमधून वर आल्यावर दहा-पंधरा सेकंद निथळू द्या, आणि वाहत्या रिन्सच्या आधी एक उभ्या पाण्याची टाकी ठेवा. तिचं पाणी बाथमध्येच परत टाकता येतं. बाथचं तापमान आणि पाणी उडणं पाहून किती परत घ्यायचं ते ठरवायचं. रिन्समध्ये जाणारा धातू यानेच पुष्कळ कमी होतो आणि केमिकलचं बिल खाली येतं. तुम्हाला हवं होतं ते मुळात हेच ना? मग ईटीपीच्या आऊटलेटचं पाणी तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यातल्या एका दिवशी बाथ बदलल्यानंतरचं, लॅबला देऊन हेक्स, एकूण क्रोमियम, निकेल, झिंक, पीएच आणि सीओडी काढून घ्या. तिन्ही दिवशी सगळं मर्यादेत असेल तर कोळशाचे ड्रम बसवायची गरजच नाही. निकेल वर जात असेल तर एका पोत्याचा कोळसा करून कोरी बाटली शेजारी ठेवून लिटरला १, २, ५, १० ग्रॅमच्या डोसने चाचणी घ्या. त्या चार आकड्यांवरून तुमचा कोळसा ग्रॅमला किती धरतो ते निघेल, आणि माझा ३ मिलिग्रॅमचा अंदाज खोडून तिथे तुमचा खरा आकडा घाला. ड्रम जोडण्याआधी मंडळाला लेखी कळवून कन्सेंटमध्ये बदल करून घ्यायचा. पाइप जोडून झाल्यावर अर्ज केलात तर आधी त्याचाच खुलासा द्यावा लागतो.